स्पासाठी शिरोड्याचे मीठ वापरताना

शिरोड्याच्या मिठागरांतले खडेमीठ (१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातले शिरोडा ते हेच) स्पामध्ये अंग चोळण्यासाठी वापरायचे असेल, तर ते आधी उन्हात कोरडे करून, मिक्सरमध्ये बारीक करून, पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावे. कारण मीठ तेलात विरघळत नाही, त्याचे कंगोरे तसेच राहतात आणि जाड खडा त्वचेवर ओरखडे काढतो. दोन वाट्या मिठाला साधारण एक वाटी खोबरेल पुरते. मिश्रण चिमटीत ओल्या रेतीसारखे लागले पाहिजे. ते ओल्या अंगावर हलक्या हाताने दोन-तीन मिनिटेच फिरवून कोमट पाण्याने धुवावे. चेहरा वगळावा. नुकतेच वॅक्सिंग केलेल्या, उन्हाने भाजलेल्या किंवा जखम असलेल्या त्वचेला ते मुळीच लावू नये. समुद्रात डुंबून आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून विचारावे, कारण पाठ पोळल्याचे बहुधा त्यांना मीठ लागल्यावरच कळते! पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, म्हणून ते पत्र्याच्या डब्यात न ठेवता चिनी मातीच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावे. तेलाने निसरडी झालेली न्हाणीची फरशी मात्र पुढचा पाहुणा येण्याआधी साबणाने घासून घ्यावी.