फवारणीचं विष कातडीतून शिरतं : या चुका टाळा

आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, आणि पहिली चूक तिथेच होते. औषध म्हटलं की भीती जाते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला आली होती. नळी वर धरून मारलेला फवारा परत अंगावरच यायचा. त्यांच्यापैकी कुणी विष प्यायलं नव्हतं. ते श्वासातून आणि कातडीतून आत गेलं.

म्हणून नाकाला रुमाल बांधला की झालं, हा समज सोडा. रुमाल ओला झाला की तेच विष तासन्‌तास नाकातोंडाशी राहतं. खरा धोका ओल्या पाठीचा आहे. पंपाचं झाकण किंवा वॉशर गळत असेल तर शर्ट भिजतो, पाणी कमरेखाली उतरतं, आणि जांघेतली कातडी विष फार लवकर शोषते. सकाळी आधी साधं पाणी भरून पंप चालवून बघा. गळला तर त्या दिवशी फवारणी बंद. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ बुटात साचतो. कापडी हातमोजे नकोच, ते विष पितात.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकू नका. जास्तीचं नोझल खिशात ठेवा, तुंबलेलं पाण्यात जुन्या ब्रशने साफ करा. द्रावण हाताने ढवळू नका. दोन-तीन कीटकनाशकं आणि वर पीकवाढीचं टॉनिक असं मिश्रण दुकानदाराच्या सांगण्यावरून करू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषच आहे.

घरच्यांना विष पोचतं ते बहुतेक कपड्यांवरून. गडी फवारून येतो, लेकरू धावत येऊन पायाला बिलगतं, आणि त्याची आई तो शर्ट सगळ्यांच्या कपड्यांत भिजवते. शक्य असेल तर शेतातच साबणाने अंघोळ करून कपडे बदला. फवारणीचे कपडे वेगळ्या पिशवीत आणा, वेगळ्या बादलीत धुवा. धुणारीच्या हातातही रबरी हातमोजे हवेत. अंघोळ करून कपडे बदलेपर्यंत लेकराला उचलू नका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा. एरवी त्यात कुणीतरी रॉकेल किंवा पिण्याचं पाणी भरतंच.

निंदणी-वेचणीच्या बायांचा विचार तर कुणीच करत नाही. काल फवारलेल्या वावरात आज त्यांना बोलावतात, आणि त्या ओल्या पानांतून उघड्या हातांनी फिरतात. किती वेळाने शिरायचं हे डब्यासोबतच्या पत्रकात असतं. नसेल तर निदान 24 तास थांबा, आणि काल काय मारलं ते त्यांना आधी सांगा.

फवारताना मळमळ, डोकेदुखी किंवा धूसर दिसणं सुरू झालं तर ‘ऊन लागलं’ म्हणून सावलीत बसवून ठेवू नका. लाळ गळणं, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि स्नायूंचं फडफडणं ही ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची खूण आहे. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा. दूध किंवा तूप पाजू नका, उलटी करवू नका; बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. डबा सोबत न्या, म्हणजे अॅट्रोपिन (या विषबाधेवरचं उताऱ्याचं औषध) द्यायचं की दुसरा उपचार करायचा हे डॉक्टरांना पटकन ठरवता येतं.

बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून लगेच सुट्टी मागू नका, दोन-तीन दिवसांनी दम लागून प्रकृती पुन्हा ढासळू शकते. शरीर पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. तोवर त्या गड्याच्या पाठीवर पंप देऊ नका. त्याला दुसरं काम द्या आणि त्याची मजुरी चालू ठेवा.