चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय? पेट्रोल पिकअपच्या वाफेची गळती अशी शोधा

डिझेल पिकअपवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल, त्यांच्या गाडीला ही भानगडच नसते. पेट्रोलच्या टाकीत मात्र सतत वाफ धरते. ती हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळतं आणि डब्याच्या दुसऱ्या तोंडाने, व्हेंटमधून, ताजी हवा आत येते.

टाकीला प्रेशर सेन्सर असलेल्या गाड्या ही वाट स्वतःच तपासतात. दोष सापडला की दिवा लागतो आणि स्कॅनर जोडल्यावर कोड दिसतो: पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे साधारण १ मिमी भोकाएवढी, पी०४५६ त्याच्या निम्मी. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सेन्सर नसतो. त्या पी०४४३ ते पी०४४५ असे पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगचेच कोड देतात, गळती तुम्हाला वासावरूनच कळते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: कुठला पार्ट बदलायचा हे कोड सांगत नाही. झाकण, व्हॉल्व्ह, कॅनिस्टर असं एकेक बदलून हजारो रुपये घालवायचे आणि भोक शेवटी पाईपला सापडायचं, हे नेहमीचंच.

म्हणून सुरुवात फुकटात होणाऱ्या तपासणीपासून करा. झाकणाचं रबर नखाने दाबून पाहा. कडक झालं असेल किंवा चिरा असतील तर झाकण बदला, पण त्याच मॉडेलचं घ्या. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ म्हणून मिळणारं झाकण नीट दाबून बसत नाही.

नंतर पेट्रोल भरायची नळी. कोकणात खरा गुन्हेगार बहुधा हीच. खारी हवा आहेच, त्यात जेट्टीवरून मासळी वाहणाऱ्या गाडीत क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट या नळीवर आणि कॅनिस्टरवर ठिबकतं. गंज दिसतो त्या जागी नसतो. तो क्लॅम्पच्या खाली आणि मडगार्डमागे चिकटलेल्या लाल चिखलाच्या आड असतो. चिखल धुऊन, क्लॅम्प सरकवून, ब्रशने घासून बघा. पापुद्रा सुटला तर नळी बदला. एम-सीलचं ठिगळ एक पावसाळाही काढत नाही. रबरी पाईप घेताना पेट्रोलचाच घ्या, पाण्याचा पाईप फुगून निसटतो. गाडी वाडीत झाडाखाली उभी राहत असेल तर पाईप उंदराने कुरतडलाय का तेही पाहा.

आता पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना चालू करा, कॅनिस्टरकडून येणारा पाईप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरून लगेच गाडी स्टार्ट होत नसेल तर संशय इथेच घ्या. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत २० ते ३५ ओहमच्या आसपास येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. आकडा बरोबर असून वायरिंगचा कोड येत असेल तर कनेक्टर उघडा. पिनांवर बहुधा हिरवट थर असतो. तो साफ करून थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं) लावा.

पंपावर नोझल सारखं टकटक बंद पडत असेल किंवा झाकण उघडताना टाकी हवा जोरात आत ओढत असेल तर व्हेंट तुंबलाय. धुरळा असतोच, पण कुंभारीण माशीचं मातीचं घर हेही नेहमीचं कारण. ते तारेने आत ढकलू नका, पाईप काढून साफ करा. कॅनिस्टर हलवल्यावर खडखडला किंवा त्यातून पेट्रोल ओघळलं तर तो गेला. नोझल बंद झाल्यावरही ‘अजून पन्नासचं टाक’ म्हणण्याची ही किंमत: पातळ पेट्रोल कोळशात शिरतं आणि सुटलेले दाणे पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

इतक्यावर सापडलं नाही तर स्मोक मशीन, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र. दाब १ पीएसआयच्या आतच हवा आणि मशीनला हवेऐवजी नायट्रोजन जोडा. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर टाकीला लावणं म्हणजे टाकी फाडणं, शिवाय पेट्रोलच्या वाफेत हवा भरणं हा स्फोटाचा धोका वेगळाच. धूर टॉर्चच्या तिरक्या उजेडात शोधा; व्हेंटला व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर धूर तिथूनच निघून जाईल. काम उघड्यावर करा, खड्ड्यात नको. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते.

दुरुस्तीनंतर कोड पुसला म्हणजे झालं नाही. गळतीचा दिवा बहुधा गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच लागतो. शिवाय तपासणी होण्यासाठी इंजिन रातभर थंड झालेलं, हवा साधारण ३५ अंशांच्या आत आणि टाकी अर्ध्याच्या जवळपास लागते. मेमध्ये आंबे भरून दुपारी निघालेल्या गाडीत ती चालतच नाही, दिवा लागला नाही म्हणून गाडी बरी झाली असं वाटतं. पहाटे सुटा, तासभर चालवा आणि स्कॅनरवर ‘इव्हॅप’ (हीच वाफेची यंत्रणा) पुढे ‘रेडी’, म्हणजे तपासणी पूर्ण झाली, असं दिसतंय का ते पाहा. पीयूसीचा कागद इथे कामाचा नाही, तो फक्त सायलेन्सरचा धूर मोजतो.