पोपटाला हार्नेस लावताना या चुका टाळा

पाखराला टॉवेलात गुंडाळून हार्नेस, म्हणजे बाहेर नेताना अंगात घालायचा दोरीचा पट्टा, चढवायचा, ही युक्ती कुणी काढली देव जाणे. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच झालेली असते. सकाळी पट्टा आणला, दुपारी दाबून धरून अंगात घातला, संध्याकाळी फिरायला निघाले. पाखराच्या लेखी त्या दुपारी त्याला शिकाऱ्यानं धरलेलं असतं. पुढं पट्टा नुसता दिसला तरी ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातं आणि मालक सांगतो, "आमचा जरा तापट आहे."

आमच्या बेळगावच्या अनगोळातल्या एका पोरानं कॉकटील आणलं होतं. शेंडीवालं, राखाडी, शांत जनावर. घाई करू नको म्हणून बजावलं, तर म्हणतो, "काय होतंय हो काका, दोन दिवसांत बसतंय की सगळं." पुढच्याच रविवारी वॅक्सिन डेपोच्या झाडीच्या मोकळ्या आवारात भेटला. कॉकटील खांद्यावर, पिसं फुगवून बसलेलं, पट्टा वरून अगदी नीट दिसत होता. तेवढ्यात झाडांवरून एक घार खाली उतरली. घाबरलेला पक्षी पिसं अंगाला चिकटवतो आणि एकदम बारीक होतो. घरी फुगलेल्या पिसांवर बेतलेला पट्टा त्या क्षणी सैल पडला. कॉकटीलनं झेप घेतली, छातीचा फास मागं पोटावर सरकला, एक पंख बाहेर आला आणि पाखरू दोरीला उलटं लोंबकळायला लागलं. पोरगं घाबरून दोरी ओढतंय, पाखरू किंचाळतंय. मी खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकून अंधार केला, तळहातावर घेतलं आणि पट्टा कात्रीनं कापला. हाड शाबूत राहिलं, पण मन फाटलं ते फाटलंच. पावसाळा सरून दिवाळी आली तरी पट्टा दिसला की ते फिस्कारायचं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पट्टा आधी नुसता पिंजऱ्याजवळ पडू द्या. मग त्याच्या शेजारी खाऊ, मग फासाच्या आरपार खाऊ. मी राळ्याचं कणीस धरतो. त्याच्यासाठी पाखरू आपणहून मान घालतं. मान त्यानंच घालायची, आपण फक्त फास धरायचा. महिना लागला तर लागू दे. ज्याला महिनाभर दम निघत नाही, त्यानं पाखराला बाहेर नेण्याचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगात बसला की पट्ट्यावरची पिसं बोटानं उचलून वर काढायची, म्हणजे पट्टा पिसांखाली जातो. मग पाखराला पिसं नीट करू द्यायची आणि पुन्हा तपासायचं. दुसऱ्या तपासणीत पट्टा हमखास ढिला सापडतो.

ढिला सापडला म्हणून करकचून आवळायचा मात्र नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढं-मागं होतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छाती आवळली की पाखरू गुदमरतं, आणि तेही आवाज न करता. पट्ट्याखालून मी पेन्सिल सरकवून बघतो.

पायाला दोरा बांधणारे अजून आहेत, याचा मला मनापासून राग येतो. पाखरू उडालं की सगळा झटका त्या काडीएवढ्या हाडावर येतो. पाय मोडतो, सांधा निखळतो. पायातल्या कडीला दोरी अडकवणं हाही तोच प्रकार.

लांब दोरीची हौसही नको. दोरी जितकी लांब, तितका उडण्याचा वेग जास्त आणि शेवटचा हिसका मोठा. हातभर दोरी पुष्कळ झाली.

पंख कापलेत म्हणून हार्नेस नको, असं म्हणू नका. आपल्याकडच्या आषाढातल्या वाऱ्यात कापलेल्या पंखांचं पाखरूही छपरापार जातं.

बजीला, म्हणजे छोट्या बजरीगर पोपटाला, हार्नेस घालूच नका. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव तो, छोट्या पिंजऱ्यातून न्या.

पिसं झडून नवी येत असतील तर पट्टा बंद. कोवळ्या पिसात रक्त असतं, दाबलं की दुखतं.

एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत घरी या. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले, की सावली आणि पाणी.

पट्टा कुरतडलाय का, हे दर वेळी दारातून निघण्याआधी बघा.

घरात आपल्या रानातला राघू असेल, तर हार्नेसचा प्रश्नच येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळताच येत नाही. कोन्युअर हा परदेशी पोपट असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून घ्या.

एवढं करूनही दोरी हातातून सुटलीच, तर मागं धावू नका. पळणाऱ्या माणसापासून पाखरू आणखी लांब जातं. कुठल्या झाडावर बसलं ते बघा आणि एका माणसाला तिथंच उभं करा. लोंबती दोरी फांदीत गुंतते आणि पाखरू तिथंच अडकून राहतं, म्हणून रात्र पडायच्या आत शिडी आणि झाडावर चढणारा माणूस शोधा. खाली त्याचा पिंजरा, ओळखीचा खाऊ ठेवा आणि रोजच्या आवाजात हाक मारत राहा.