लिव्हरचं थ्रीडी मॉडेल बनवताय? मग या चुका टाळा

ऑपरेशनची आखणी करायला व्हीआर हेडसेट चढवला की समोर हवेत लिव्हर तरंगतंय, निळ्या व्हेन, लाल आर्टरी, पिवळी गाठ, हाताने गोल फिरवा नाहीतर सरळ डोकंच आत घाला. पहिल्यांदा बघणारा "अरे वा" म्हणतोच आणि तिथेच फसतो, कारण हे सगळं सीटी बघून कुणीतरी रंगवलेलं असतं, आणि तो कुणीतरी बऱ्याचदा ड्यूटी संपवून अर्धवट झोपेत बसलेला रेसिडेंट असतो.

सगळ्यात जास्त घोळ सीटीतच असतो. ५ मिमी जाडीच्या स्लाइसवरून मॉडेल केलं तर व्हेनला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात, मग लोक स्मूदिंग वाढवत बसतात, पायऱ्या जातात पण सेगमेंट (लिव्हरचे आखलेले भाग) ५ आणि ८ मधून मिडल हिपॅटिक व्हेनला, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या मधल्या व्हेनला, मिळणाऱ्या बारीक फांद्या पण त्यात उडतात, आणि लिव्हरचा उजवा लोब दान देणाऱ्या डोनरमध्ये नेमक्या त्याच बघायच्या असतात. त्यामुळे स्कॅनच्या आधीच फोन करून १ मिमीच्या आसपासच्या स्लाइसची सिरीज मागून ठेवा, नंतर मागितली तर बऱ्याचदा मशीनवरून डेटा उडालेला असतो.

आर्टरी लिव्हरच्या बाहेर लटकताना दिसतेय? पेशंटने दोन फेजमध्ये (डाय टोचल्यावर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्कॅनमध्ये) श्वास वेगवेगळा धरलाय. आर्टरी साधारण ३०-३५ सेकंदांच्या फेजमधून घेतो, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी) ७० सेकंदांच्या आसपास, तेवढ्यात लिव्हर वरखाली झालेलं असतं. दोन्ही फेज आधी जुळवून घ्या, मग रंगवा.

पित्तनलिका फुगलेली नसेल तर साध्या सीटीत धड दिसतच नाही. मॉडेलमध्ये नाही म्हणजे काळजी नाही असं समजू नका, त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लागतो.

आता व्हॉल्यूम, इथे जरा थांबा. ऑपरेशननंतर किती लिव्हर उरणार याचा हिशोब करताना एकूण व्हॉल्यूममधून गाठ वजा करायची राहून जाते. समजा एकूण १८०० मिली, त्यातली गाठ ४०० आणि उरणार ३५०. गाठ धरून काढलं तर १९ टक्के, वजा करून २५. निरोगी लिव्हरला निदान २० टक्के तरी उरावं असं धरतात, म्हणजे एका वजाबाकीपायी ऑपरेशन होईल की नाही हेच बदलतं! बरं तो २० चा आकडा पण सगळ्यांना नाही लागू, बरीच केमो झालेली असेल तर ३०, सिरॉसिस असेल तर ४०. आणि फ्रेंच सर्जन क्विनोचे ८ सेगमेंट (१९५७ पासूनचे) पुस्तकातल्यासारखे सरळ रेषेत कापू नका, त्या पेशंटची पोर्टल व्हेन जिथे जाते तिथपर्यंतच तो सेगमेंट.

हेडसेटमधली गंमत वेगळीच. फाइल मिमीमध्ये आणि हेडसेटसाठीचं सॉफ्टवेअर युनिटी मोजतं मीटरमध्ये, त्यामुळे माझं पहिलं लिव्हर दीडशे मीटरचं आलं होतं, मी आत उभा आणि व्हेन कुठेय ते शोधतोय 😅 ते निदान लगेच कळतं, डावं-उजवं उलटलं तर पटकन कळत नाही. म्हणून मॉडेलच्या उजव्या बाजूला इंग्रजी 'आर' अक्षर चिकटवून ठेवा, ते उलटं दिसलं की समजा आरसा झालाय. चित्र अडखळून गरगरायला लागलं तर मेश (मॉडेलचं त्रिकोणांचं जाळं) हलका करा, पण लिव्हरच्या वरच्या सालीचा, व्हेनचा नाही.

आणि ओटीत मॉडेलवरून सेंटिमीटर मोजायला जाऊ नका प्लीज. ते पाठीवर झोपून श्वास धरलेल्या पेशंटचं लिव्हर आहे, लिगामेंट सोडवून उचललं की आकार पार बदलतो. कुठली व्हेन कुठे आणि गाठीच्या कोणत्या बाजूने जाते एवढं मॉडेलवरून डोक्यात बसवा, कापायची रेघ मात्र लिव्हरवर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवूनच मारा, जपानमध्ये सर्जन माकुउची १९८० च्या दशकापासून तेच करत आले.