सीपीएल हातात आलं, आता पहिल्या वर्षात या चुका टाळा

कमर्शियल पायलट लायसन्स मिळालं की घरी पेढे वाटले जातात आणि आठवडाभरात नातेवाइकांचा प्रश्न सुरू होतो, 'मग इंडिगोत कधी?' बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर किंवा थेट परदेशातून २०० तास पूर्ण करून आलेल्या मुलामुलींवर या प्रश्नाचं दडपण किती असतं, ते मी जवळून पाहतो. त्या दडपणाखाली घेतलेले निर्णय नंतर फार महागात पडतात. सीपीएल म्हणजे पगार घेऊन विमान उडवायची परवानगी. एअरबस किंवा बोइंगच्या कॉकपिटपर्यंतचा रस्ता तिथून पुढे सुरू होतो.

ऑफर नसताना टाइप रेटिंग

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. लायसन्स हाती येताच पुन्हा कर्ज काढायचं, पंधरा-वीस लाख किंवा त्याहूनही जास्त भरायचे, एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायची खास पात्रता, करायचं आणि मग जाहिरातीची वाट बघत बसायचं. हिशेब सरळ वाटतो, कारण देशात सगळ्यात जास्त विमानं त्याच जातीची आहेत. पण कंपनीला वैमानिक कधी लागतील आणि कोणत्या विमानासाठी लागतील, हे तुमच्या हातात नसतं. इंडिगोकडे ए३२० कुटुंबातली विमानं भरपूर आहेत, पण एटीआर ही लहान पंख्याची विमानंही आहेत. अकासाकडे फक्त बोइंग ७३७ मॅक्स. अलायन्स एअर आणि गोव्याची फ्लाय९१ एटीआर उडवतात. चुकीच्या विमानावर पैसे लागले की ते सहजासहजी दुसरीकडे वळवता येत नाहीत.

बाजार किती झपाट्याने फिरतो ते अलीकडेच दोनदा दिसलं. मार्च २०१९ मध्ये ७३७ मॅक्स उड्डाणबंदीमुळे जमिनीवर उभी राहिली आणि पुढच्याच महिन्यात जेट एअरवेज बंद पडली. जेटच्या ताफ्यात ७३७ मोठ्या संख्येने होती, त्यामुळे हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक एकाच वेळी नोकरी शोधू लागले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा ए३२० च्या वैमानिकांवर तीच वेळ आली. अशा वेळी २०० तास आणि कोरं टाइप रेटिंग घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाला कोण आधी बोलावणार?

रेटिंग करूच नका, असं माझं म्हणणं नाही. हातात सशर्त निवडपत्र असेल, किंवा समोरच्या जाहिरातीत टाइप रेटेड उमेदवारच मागितले असतील आणि बाकीच्या अटींत तुम्ही बसत असाल, तर जरूर करा. काही कंपन्या आधी निवड करतात आणि मगच रेटिंगला पाठवतात. तिथे अर्ज न करता स्वतःहून खर्च करण्यात काहीच शहाणपण नाही.

रेटिंग आधीच झालं असेल आणि नोकरी नसेल, तर ते चालू ठेवायला सिम्युलेटरवर ठरावीक मुदतीत चेक द्यावा लागतो. त्याचा खर्च आजच बाजूला काढा. ग्रेटर नोएडा, गुरुग्राम, बंगळुरू इथल्या सिम्युलेटरचे स्लॉट ऐनवेळी मिळत नाहीत.

तारखा उलटू देणं

ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली. तेव्हापासून 'आता दहा वर्षं बघायला नको' असा एक गैरसमज पसरलाय. लायसन्स दहा वर्षांचं असलं, तरी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, तरुण वैमानिकालाही दरवर्षी करावं लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (आयआर, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता) वर्षाचंच असतं. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. भरतीची जाहिरात अचानक येते, अर्जाची मुदत कमी असते, आणि नेमका तेव्हा आयआर संपलेला निघतो.

आयआर उलटला असेल तर घाबरून जाऊ नका. मल्टी-इंजिन विमान असलेल्या फ्लाइंग स्कूलमध्ये थोडा सराव करून चेक देता येतो. मात्र खंड जितका मोठा, तितके सरावाचे तास वाढतात, आणि सेनेका किंवा डीए४२ या दोन इंजिनांच्या विमानांचा एकेक तास एका इंजिनाच्या सेस्ना १७२ च्या मानाने बराच महाग पडतो.

एअरलाइन नाही तर काहीच नाही

वाट बघण्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा इन्स्ट्रक्टर रेटिंग करा. देशभरातल्या फ्लाइंग स्कूलना चांगले इन्स्ट्रक्टर हवेच असतात. तास वाढतात, हात चालू राहतो, आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःच्या कच्च्या जागा उघड्या पडतात. एटीपीएल या सीपीएलच्या वरच्या, कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्ससाठी १५०० तास लागतात, त्या दिशेनेही हे खरं पाऊल आहे. चार्टर कंपन्यांची किंग एअर, कॅरॅव्हॅनसारखी विमानं, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर, मोप्याहून उडणारी फ्लाय९१, या जागांकडे 'लहान' म्हणून पाठ फिरवू नका. तेही जमलं नाही तर फ्लाइट डिस्पॅचर (उड्डाणाचं नियोजन करणारा) किंवा ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं काम आहे. घरी बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पुस्तकं बांधून ठेवणं

मुलाखतीत बहुतेक मुलं जड प्रश्नांवर अडत नाहीत. अडतात ती साध्या प्रश्नांवर, कारण अभ्यास सुटून वर्ष झालेलं असतं. एक उदाहरण घ्या. मुंबई, रनवे २७, वारा ३१० अंशांवरून २० नॉट. क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, किती? रनवे २७ म्हणजे २७० अंश, म्हणून फरक ४० अंशांचा. घड्याळाच्या हिशेबाने ६० पैकी ४० मिनिटं म्हणजे वाऱ्याच्या वेगाच्या दोनतृतीयांश, म्हणून साधारण १३ नॉट. कॅल्क्युलेटर न वापरता हे पाच सेकंदांत यायला हवं. लगेच पुढचा प्रश्न येतो: हा वारा मेटारमधला (विमानतळाच्या लेखी हवामान अहवालातला) की टॉवरने सांगितलेला? मेटारमध्ये दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात, टॉवर चुंबकीय उत्तरेपासून सांगतो, आणि रनवेचा आकडाही चुंबकीयच असतो. मुंबईत हा फरक नगण्य आहे, पण तो का नगण्य आहे हे सांगता आलं, तर समोरच्या कॅप्टनला कळतं की मुलाने विषय नुसता घोकलेला नाही.

नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेडिओ एड्सचे एटीपीएल पेपर याच काळात देऊन टाका. तोच अभ्यास मुलाखतीला उपयोगी पडतो.

लॉगबुक आणि 'ओळखीचा माणूस'

लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, न उडवलेले तास लिहू नका, कोणी लिहायला सांगितले तरी नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांचं आणि फुगवलेल्या तासांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती. आपल्या नोंदी आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या ई-जीसीए पोर्टलवरच्या नोंदी जुळतात का, हे अर्ज करण्याआधी तपासा. तफावत असेल तर फ्लाइंग स्कूलकडून लगेच दुरुस्त करून घ्या. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर बदलले की जुन्या सह्या मिळवायला नाकी नऊ येतात.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जागा निघाली आहे की नाही, हे कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावरच बघा.

ऑफर आलीच, तर बाँडची (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याच्या कराराची) रक्कम, मुदत आणि ट्रेनिंग अर्धवट सुटलं तर काय, ही तीन कलमं सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. नोटीस पीरियडचंही विचारा. २०१७ च्या डीजीसीए नियमात को-पायलटसाठी तो सहा महिन्यांचा आहे, म्हणजे दुसरीकडे चांगली संधी आली तरी लगेच निघता येत नाही. कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो ती तारीख आणि ट्रेनिंगच्या काळात मिळणारं मानधन शेजारी-शेजारी लिहून काढा, आणि कमी पडणारे महिने कसे भागवायचे ते घरच्यांशी त्याच दिवशी बोला.