मुलांसाठी भयकथा लिहायची? आधी शेवट ठरवा

मुलांच्या भयकथांत आर. एल. स्टाइन हे मोठं नाव. नव्या लेखकाने त्यांच्या भुतांआधी त्यांचा कामाचा क्रम पाहावा. जन्म 1943चा, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसचा. कॉलेजात विनोदी मासिकाचं संपादन, पुढे न्यूयॉर्कला ‘स्कोलॅस्टिक’ या प्रकाशनसंस्थेत नोकरी आणि तिथे किशोरांसाठी ‘बनानाज’ हे विनोदी मासिक. पहिली भयकादंबरी आली 1986 साली, चाळिशी उलटल्यावर. ‘गूजबम्प्स’ ही त्यांची मुलांसाठीची भयकथामालिका 1992मध्ये सुरू झाली आणि 1997पर्यंत मूळ मालिकेची 62 पुस्तकं निघाली. भुतांकडे वळण्याआधी हा माणूस बरीच वर्षं मुलांना हसवत होता, आणि ती मेहनत वाया गेली नाही. हसवायला काय, दचकवायला काय, नेमक्या क्षणी नेमकं वाक्य यावं लागतं.

त्यांची पद्धत अशी: आधी शीर्षक, मग शेवटासकट प्रकरणवार आराखडा, आणि त्यानंतरच लेखन. आराखड्याविना सुरुवात केली की कथा मध्यावर अडते. मग लेखक ‘ते सगळं स्वप्न होतं’ म्हणून सुटका करून घेतो. मुलं हे माफ करत नाहीत.

आपल्याकडे सुरुवात कादंबरीने करू नका, 1200 ते 1500 शब्दांची कथा घ्या. पात्रं दोन किंवा तीन, वय दहा-बारा. वाचणाऱ्यापेक्षा नायक वर्ष-दोन वर्षांनी मोठा असलेला बरा. पहिल्या दीडशे शब्दांत काहीतरी खटकायला हवं. भूत मात्र कथेचा शेवटचा एक-तृतीयांश भाग येईपर्यंत पूर्ण दाखवू नका. एकदा दिसलं की त्याची भीती ओसरते. संकटातून मुलांनीच सुटायचं. बाबा किंवा पोलिसकाका धावून आले की कथा तिथेच बसते. खोटा धक्का (मांजर, पडदा वगैरे) एकदाच चालतो. दुसऱ्यांदा पोट्टे हसतात.

वाडा, अमावास्या, वटवाघूळ हे फार वापरून झालंय. आपल्या नागपूरची खरी भयाण वेळ मे महिन्यातली दुपार. पारा पंचेचाळिशीला, गल्लीत चिटपाखरू नाही, घरोघरी कूलरचा घरघराट, त्यामुळे दार वाजलं तरी आतल्याला ऐकू जात नाही. शिवाय ‘भर दुपारी बाराला बाहेर जाऊ नको’ हे आजीचं वाक्य प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारी काळी-पिवळी मारबतही (मोठाले पुतळे) आहे. फक्त तिला उगाच चेटकीण करू नका. ती इडापीडा घेऊन जाते, आणि गंमत त्यातच आहे. कथा या प्रश्नातून काढा: ती काय घेऊन गेली नाही?

खरी हिंसा, अपहरण, घरातला छळ या प्रकारात नको. भीती खोटी आहे हे मुलाला ठाऊक असलं, तरच त्याला ती मजेची वाटते.

कथा पाठवायला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आणि मुलांचे दिवाळी अंक आहेत. दिवाळीचा मजकूर पावसाळ्यातच ठरतो, तेव्हा उन्हाळ्यात लिहा. नोकरी लगेच सोडू नका, मानधनावर घर चालत नाही. पुस्तकाच्या करारात हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देताय हे लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती 5 वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ऑडिओ आणि वेबमालिकेचे हक्क वेगळ्या कलमात ठेवा.

पाठवण्याआधी कथा पाचवी-सहावीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. चुळबुळ सुरू होईल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्याच्या आधीचा परिच्छेद कापा. खोट बहुतेक वेळा तिथेच असते.