स्प्रे बिघडलाय की हवा? मॉडेल किट रंगवताना या चुका टाळा

‘पूर्वीसारखा रंग राहिला नाही’ ही तक्रार हल्ली स्केल मॉडेल (विमान, गाड्या यांच्या छोट्या प्रतिकृती) करणाऱ्यांच्या तोंडी सारखी असते. त्यात तथ्य आहे. तीच शेड, तोच नंबर, पण नव्या स्प्रेच्या डब्यातला रंग पातळ निघतो, नोझल थुंकतं, ग्लॉस म्हणून घेतलेला रंग वाळल्यावर निस्तेज दिसतो. पण कोल्हापूरची दमट हवा आणि गॅलरीत उन्हात पडलेला डबा हे दोघं मिळून चांगल्या रंगाचीही हीच गत करतात. म्हणून आधी दोष कुठला ते शोधायचं, मग दुकानदाराशी भांडायचं.

डबा न तपासता वापरणं

डबा घरी आला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करा आणि वजन, तारीख मार्करने डब्यावरच लिहून ठेवा. न वापरता वर्षभरात दोन-तीन ग्रॅम कमी झाले तर हरकत नाही; दहा-पंधरा ग्रॅम गेले असतील तर व्हॉल्व्हमधून गॅस गळतोय. असा डबा थुंकणारच. डबा हलवल्यावर आतली गोळी वाजत नसेल तर रंग तळाला बसलाय. डबा एक दिवस उलटा ठेवा, आणि गोळी सुटून वाजायला लागल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. पातळ रंगाच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

तरी नीट येत नसेल तर डबा हाताला कोमट लागेल अशा, म्हणजे ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. आतला द्रवरूप गॅस गरम झाला की दाब वाढतो आणि थेंब बारीक होतात. उकळतं पाणी, गॅसची शेगडी, हेअर ड्रायर यांपैकी काहीही चालणार नाही. ५० अंशांची मर्यादा डब्यावर उगाच छापलेली नसते. बाहेर काढल्यावर डबा कोरडा पुसा, नाहीतर बुडाशी अडकलेला पाण्याचा थेंब नेमका विमानाच्या पंखावर पडतो.

आता किटच्या रिकाम्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, मारून बघा. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्याचं नोझल लावून परत मारा. थुंकणं थांबलं तर दोष नोझलचा. ते खराब नोझल लॅकर थिनरमध्ये बुडवून ठेवा. नोझल बदलूनही तोच प्रकार असेल, तर डबाच खराब. बॅच नंबरचा आणि स्प्रूचा फोटो काढून विक्रेत्याकडे पाठवा. ‘रंग चांगला नाही’ एवढ्यावर कुणी डबा बदलून देत नाही.

पावसाळ्यात हट्टाने रंगवणं

सगळ्यात जास्त किटं इथे वाया जातात. लॅकर म्हणजे झटपट वाळणारा रंग; त्यातलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. जुलैमध्ये हवा २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर साधारण २३ अंशांनाच दव धरतं. म्हणजे पृष्ठभाग तीन अंशांनी उतरला की ओल्या रंगावर पाणी जमतं आणि वाळल्यावर पांढरट झाक येते. गडद रंगावर आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक थरावर, ती ठळक दिसते. लोक म्हणतात क्लिअर खराब निघाला. खरं तर तो पाणी प्यायलेला असतो.

दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. ६५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर लॅकर मारू नका. अगदीच अडलं तर खोली बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर तासभर चालवा, पण मारताना तो बंद ठेवा आणि खिडकी उघडून वाफ बाहेर काढा. झाक आधीच आली असेल तर घासायला घेऊ नका. कोरडा दिवस बघून त्याच जातीच्या ग्लॉस क्लिअरचा एक पातळ, ओला हात मारा. थर पुन्हा थोडा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा झाक जाते. मॅट क्लिअरवर आलेलं धुकंही असंच उतरतं. मग मॅट पुन्हा मारायचा.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर मारलं तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी नवाच्या आत उरका. दुपारनंतर वळवाचाही भरवसा नसतो. आणि गळीत हंगामात गच्ची टाळाच. शेतात पाचट पेटलं की काळी काजळी तरंगत येते आणि ओल्या पांढऱ्या रंगावर बसते. बोटाने उचलायला गेलात तर रेघ उमटते. पूर्ण वाळू द्या, मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलके घासा.

रंगाची जात न बघणं

स्प्रूवर ‘पीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे पॉलिस्टायरिन. ते बघून कुणी तामिया या जपानी कंपनीचा ‘पीएस’ स्प्रे मागवतो. तो आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे. किटला त्याच कंपनीचा ‘टीएस’ लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला ४०० मिलीचा डबा स्वस्त पडतो, पण तो रंग फार सोडतो: १/७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) विमानाच्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा, एका हातात बुजतात. त्यातलं थिनर जहाल असेल तर प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. वापरायचाच तर स्प्रूवर चाचणी घ्या, आणि २५ ते ३० सेंटीमीटरवरून मारा. छोट्या हॉबी डब्याला २० पुरे. दोन्ही डब्यांत फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा.

लॅकरवर एनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट रंग) चालतं. एनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर फुगून सुरकुततो, त्यावर उपाय नाही, रंग उतरवावाच लागतो. भाग आधी भांड्याच्या लिक्विडने धुवायचे, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. पहिला हात धुक्यासारखा, मग दहा-दहा मिनिटांनी पुढचे. सलग दाबून ठेवलं की डबा गार पडतो, दाब उतरतो आणि थेंब जाड होतात. त्यानेच ओघळ येतात. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर (थिनरसारख्या वाफा शोषणाऱ्या) कार्ट्रिजचा मास्क कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंडस्ट्रियल सामान विकणाऱ्यांकडे विचारा.

काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दोन-तीन सेकंद दाबा. नोझल चोंदत नाही.